स्मार्ट थर्मोस्टॅट निवडायचाय? आधी जुन्याची पाटी काढून बघा

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं, पहिल्या हिवाळ्याचं बिल आलं, की व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतोच: नेस्ट घेऊ की इकोबी? (दोन्ही फोनवरून चालणारे थर्मोस्टॅट; नेस्ट गूगलचा.) उत्तरंही भराभर येतात. ज्याच्या भिंतीवर जो आहे, तो त्याच्या मते सगळ्यात चांगला. तुझ्याकडे फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) आहे की हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र), मजले किती, भिंतीतून वायरी किती बाहेर येतात, दिवसा घरात कोण असतं, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं उत्तर तिथेच दडलेलं असतं. एवढ्या गोष्टी कळल्या की दुकानातले निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांत फारसं चुकायला वाव राहत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे जिथे एकच यंत्रणा सगळं घर तापवते आणि गार करते. पुण्या-मुंबईसारखा खोलीखोलीत स्प्लिट ए.सी. आणि त्याचा रिमोट असेल, तर यातलं बहुतेक काही लागू होत नाही.

## पैसे किती वाचतात ते आधी बघू

थर्मोस्टॅट स्वतः काही तापवत नाही की गार करत नाही. ते २४ व्होल्टवर चालणारं एक बटण आहे. खोलीचं तापमान बघायचं आणि फर्नेसला किंवा ए.सी.ला ‘चालू हो’, ‘बंद हो’ सांगायचं, एवढंच त्याचं काम. डक्ट, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या वाहिन्या, गळत असतील, माळ्यावर इन्सुलेशन नसेल, तर २८० डॉलरचा थर्मोस्टॅट लावूनही ते दुखणं तसंच राहतं.

आता दाव्यांकडे वळू. अमेरिकी ऊर्जा खात्याचा जुना सल्ला असा: रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइटने मागे घेतलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. एनर्जी स्टार ही सरकारी योजना तिने प्रमाणित केलेल्या स्मार्ट थर्मोस्टॅटची सरासरी बचत साधारण ८ टक्के सांगते. नेस्ट म्हणतं हीटिंगवर १० ते १२ टक्के आणि कूलिंगवर १५. इकोबी तर २६ टक्क्यांपर्यंत जातं. हा शेवटचा आकडा वाचताना खालचा बारीक मजकूरही वाचायचा. ही तुलना आहे घर दिवसरात्र, बारा महिने ७२ अंशांवर ठेवणाऱ्याशी. आपल्यापैकी किती जण असं ठेवतात? बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करायचं बाळकडू मिळालेला माणूस झोपताना आणि कामाला निघताना हाताने तापमान खाली आणतोच. त्याची बहुतेक बचत आधीच झालेली असते. त्याला नवीन यंत्रातून मिळेल ती सोय. सोयीसाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही, पण कशाचे मोजतोय ते माहीत असावं.

हिशेब सोपा आहे. समजा हीटिंग-कूलिंगवर वर्षाला १,५०० डॉलर जातात. त्याचे ८ टक्के म्हणजे १२०. ऐंशी डॉलरचा थर्मोस्टॅट वर्षाच्या आतच फिटतो, अडीचशेचा दोन वर्षांनी. म्हणून महागडं मॉडेल ‘जास्त वाचवतं’ म्हणून घेऊ नका. त्यात असं काही असेल जे तुमच्या घराला खरंच लागतं, तरच घ्या. ते काय असू शकतं, हे पुढच्या पायऱ्यांवर कळेल.

## पायरी १: घरात यंत्रणा कुठली आहे?

बेसमेंटमध्ये, गराजमध्ये किंवा माळ्यावर जाऊन बघा.

गॅसची फर्नेस आणि बाहेर ए.सी.चा डबा, हवा डक्टमधून येते: सगळ्यात सोपं प्रकरण. बाजारातला जवळजवळ कुठलाही थर्मोस्टॅट चालतो.

हीट पंप: बाहेरचा डबा ए.सी.सारखाच दिसतो, पण तो हिवाळ्यातही फिरत असतो. याचे नखरे वेगळे असल्यामुळे खाली त्याची वेगळी पायरी ठेवली आहे.

बॉयलर: गरम पाणी किंवा वाफ रेडिएटरमध्ये फिरते, डक्ट नसतात. न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोकडच्या जुन्या घरांत हे हमखास सापडतं. बऱ्याचदा भिंतीतून फक्त दोन वायरी येतात आणि तिथेच सगळं अडतं.

विजेचे बेसबोर्ड हीटर: क्युबेकमध्ये आणि अनेक जुन्या अपार्टमेंटमध्ये असतात. इथे थर्मोस्टॅटच्या मागे बारीक रंगीत वायरी दिसत नाहीत. दोन किंवा चार जाड वायरी असतात आणि त्यांतून १२० किंवा २४० व्होल्ट वाहतात. नेस्ट, इकोबी, हनीवेलचे नेहमीचे स्मार्ट थर्मोस्टॅट, ॲमेझॉन, सेन्सी, यांपैकी एकही इथे लावायचा नाही. यंत्र जळेल, कदाचित भिंतही. अशा हीटरसाठी वेगळे थर्मोस्टॅट मिळतात, त्यांत न्यूफाउंडलंडच्या मायसा कंपनीचं नाव जास्त चालतं. खोलीगणिक एक लागतो, त्यामुळे खर्चही खोलीगणिक वाढतो.

मिनी-स्प्लिट: रिमोटवर चालणाऱ्या या यंत्रांना भिंतीवरचा थर्मोस्टॅट सरळ जोडता येत नाही. सेन्सिबो किंवा सिएलोसारखा छोटा डबा रिमोटच्या जागी इन्फ्रारेडने आज्ञा देतो.

एक सापळा राहिला. कॅरिअरची इन्फिनिटी, लेनॉक्सची आयकम्फर्ट, ट्रेनची कम्फर्टलिंक या महाग यंत्रणांत थर्मोस्टॅट आणि फर्नेस आपापसांत कंपनीच्या खास भाषेत बोलतात. थर्मोस्टॅटमागे नेहमीच्या अक्षरांऐवजी वेगळीच (कॅरिअरमध्ये ए, बी, सी, डी) दिसली तर तिथेच थांबा. दुसऱ्या कंपनीचा थर्मोस्टॅट लावायचा तर आधी साध्या २४ व्होल्टच्या वायरिंगवर यावं लागतं. ते काही यंत्रांत जमतं, काहींत जमत नाही, आणि जमलं तरी कॉम्प्रेसर हळूहळू वेग बदलत चालण्याचा जो फायदा घ्यायला जास्त पैसे मोजले होते, तो बऱ्याचदा हातचा जातो. अशा घरात त्याच कंपनीचा थर्मोस्टॅट ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, त्याचं ॲप कितीही गचाळ असलं तरी.

## पायरी २: पाटी काढा, फोटो काढा

आधी ब्रेकर बंद करा. फर्नेसचा आणि ए.सी.चा ब्रेकर वेगवेगळा असू शकतो, दोन्ही बंद करा. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखा एक स्विचही असतो. मग थर्मोस्टॅटचा पुढचा भाग ओढून काढा. बहुतेक मॉडेलांत तो नुसता खाचेत बसवलेला असतो. मागे अक्षरं लिहिलेले स्क्रू किंवा क्लिप दिसतील. नीट उजेडात फोटो काढा. हा फोटो पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया आहे.

अक्षरांचे अर्थ असे. आर म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा. कधी तो आरसी आणि आरएच असा दोन ठिकाणी असतो आणि मध्ये छोटी जोडवायर असते. डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे कूलिंग, जी म्हणजे पंखा. वाय-२, डब्ल्यू-२ दिसले तर यंत्रणा दोन टप्प्यांची आहे. ओ, बी किंवा ओ/बी खाली वायर जोडलेली दिसली तर बहुधा हीट पंप आहे. ऑक्स किंवा ई म्हणजे हीट पंपाच्या मदतीचं जादा हीटिंग. आणि सी म्हणजे परतीची वायर. सगळी रामायणं हिच्यावरूनच होतात.

रंगावर विश्वास ठेवू नका. सी निळी असते, आर लाल असते, हा नुसता प्रघात आहे. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी वायर ओढली त्याच्या पिशवीत त्या दिवशी काय होतं, यावर रंग ठरलेला असतो. कुठली वायर कुठल्या अक्षराखाली आहे, तेवढंच खरं.

ही अक्षरं हाताशी आली की गूगल, इकोबी, रेसिडिओ (हनीवेल होम हे नाव आता याच कंपनीकडे आहे; २०१८ मध्ये ती हनीवेलमधून वेगळी झाली) या सगळ्यांच्या साइटवर सुसंगतता तपासता येते. पाकीट मागवण्याआधी हे करा. दहा मिनिटांचं काम आहे.

## पायरी ३: सी वायर नसेल तर

जुन्या थर्मोस्टॅटला सतत वीज लागत नव्हती. आत संपर्क जुळला की फर्नेस चालू, सुटला की बंद. नव्या यंत्राला पडदा आणि वायफाय दिवसरात्र चालवायचं असतं, म्हणून विजेला परतीची वाट लागते. ती वाट म्हणजे सी वायर.

पहिलं काम: भिंतीच्या भोकात बॅटरीच्या उजेडात डोकावा. अनेक घरांत एखादी वायर न वापरता मागे गुंडाळून ठेवलेली असते. असेल तर तिचं दुसरं टोक फर्नेसच्या कंट्रोल बोर्डावर सी लिहिलेल्या स्क्रूला जोडायचं, इकडचं टोक थर्मोस्टॅटच्या सी-ला. शून्य खर्चात प्रश्न मिटला.

तशी वायर नसेल तर मात्र कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि माझ्या मते निवडीतला सगळ्यात ठोस फरक हाच आहे.

इकोबीच्या प्रीमियम आणि एन्हान्स्ड मॉडेलांच्या पाकिटात ‘पॉवर एक्स्टेंडर किट’ नावाची छोटी डबी मिळते. ती फर्नेसच्या बोर्डाजवळ बसवायची आणि आहेत त्याच चार वायरींवर (आर, जी, वाय, डब्ल्यू) काम भागवायचं. चार वायरी असल्याच पाहिजेत, दोन वायरींच्या बॉयलरला ती चालत नाही.

हनीवेल होमच्या टी-९सोबतही सी वायरीचा अडॅप्टर येतो.

नेस्टची रीत वेगळी. ते सी नसताना वाय किंवा डब्ल्यूच्या वायरीतून थोडी थोडी वीज उचलून स्वतःची बॅटरी भरतं. बहुतेक घरांत हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. काहींत फर्नेसचा रिले (आतला चालू-बंद करणारा स्विच) टकटक वाजतो किंवा बॅटरी उतरून वायफाय तुटतं. बॅटरीवर विसंबण्याचा धोका जानेवारी २०१६ मध्ये साऱ्या अमेरिकेने पाहिला: सॉफ्टवेअरमधल्या दोषाने नेस्टच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत अनेक घरं गार पडली. तो दोष दुरुस्त झाला, पण मी तरी सी वायर असल्याशिवाय नेस्ट लर्निंग, म्हणजे त्यांचं सवयी शिकणारं महाग मॉडेल, लावायला कोणाला सांगणार नाही. २०२० चा साधा ‘नेस्ट थर्मोस्टॅट’ दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. तिथे सेल बदलायची आठवण एवढीच कटकट.

ॲमेझॉनचा थर्मोस्टॅट स्वस्त, पण त्याला सी वायर लागतेच. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. सेन्सीची साधी मॉडेलं सेलवर चालतात आणि नेहमीच्या हीटिंग-कूलिंगच्या यंत्रणेत सीशिवाय भागवून नेतात.

दोनच वायरींचा बॉयलर असेल तर? सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून पाच किंवा आठ पदरी नवी थर्मोस्टॅट वायर ओढून घेणं. ते जमण्यासारखं नसेल तर भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. वायर भिंतीवरून खाली लोंबते, दिसायला काही फार शोभत नाही, पण काम होतं.

## पायरी ४: हीट पंप असेल तर इथे वेळ काढा

फर्नेसच्या घरात ‘रात्री तापमान उतरवा, सकाळी चढवा’ हा मंत्र चालतो. हीट पंपाच्या घरात तोच मंत्र अंगाशी येऊ शकतो.

कारण असं. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ती आत आणतो. म्हणून एका युनिट विजेत तो दोन-तीन युनिट उष्णता देतो. थंडी फार वाढली किंवा थर्मोस्टॅटने एकदम पाच-सहा अंशांची उडी मागितली, की मदतीला विजेच्या पट्ट्या तापतात. तेच ते ऑक्स. तिथे एका युनिटला एकच युनिट उष्णता. रात्रभर उतरवून जे वाचवलं ते सकाळच्या अर्ध्या तासात मीटर खाऊन टाकतो. म्हणून हीट पंपाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खालीवर करू नका, आणि थर्मोस्टॅट असा घ्या ज्यात ऑक्सला लगाम घालता येतो.

इकोबीच्या इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये दोन आकडे आपण ठरवू शकतो: बाहेर किती अंशांच्या वर ऑक्स चालूच करायचं नाही, आणि किती अंशांच्या खाली कॉम्प्रेसर थांबवायचा. नेस्टमध्ये ‘हीट पंप बॅलन्स’ नावाची सोय आहे. तिथे काटकसर की ऊब एवढं आपण सांगायचं, बाकीचं तो ठरवतो. ज्याला आकडे स्वतः ठरवायला आवडतात त्याने इकोबी घ्यावा. ज्याला त्यात शिरायचंच नाही त्याला नेस्ट बरा. हीट पंप आणि गॅस फर्नेस दोन्ही असतील, ज्याला ‘ड्युअल फ्युएल’ म्हणतात, तर स्वस्त मॉडेलच्या नादी लागू नका. इकोबी प्रीमियम आणि नेस्ट लर्निंग हे दोन्ही ते सांभाळतात.

ओ/बी वायरीची दिशाही तपासा. बहुतेक कंपन्यांच्या हीट पंपात ती कूलिंगच्या वेळी चालू होते. रीम आणि रूडच्या यंत्रांत उलट, हीटिंगच्या वेळी. सेटिंग चुकलं तर हीटिंग मागितल्यावर गार हवा येते. यंत्र बिघडलेलं नसतं, सेटिंगमध्ये ओ-च्या जागी बी केलं की झालं.

## पायरी ५: घरात कोण राहतं आणि कुठे बसतं

वरच्या मजल्यावरची बेडरूम उन्हाळ्यात भाजते आणि खालचा हॉल गारठतो, ही टेक्सासपासून टोरोंटोपर्यंतची तक्रार. थर्मोस्टॅट असतो खालच्या पॅसेजमध्ये, त्याला वरचं काय कळणार? इथे वेगळ्या खोलीत ठेवायचे सेन्सर कामाला येतात. इकोबीचा सेन्सर तापमान मोजतो आणि खोलीत माणूस आहे का तेही बघतो. हनीवेलच्या टी-९चाही तसाच. नेस्टचा फक्त तापमान मोजतो. २०२० च्या साध्या नेस्टला तर वेगळा सेन्सर जोडताच येत नाही. इकोबी प्रीमियमच्या आणि २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या नेस्ट लर्निंगच्या पाकिटात एकेक सेन्सर असतो.

पण सेन्सर हवा फिरवत नाही, हे लक्षात असू द्या. रात्री वरच्या खोलीचा सेन्सर निवडला तर वरची खोली ७४ अंशांवर येईपर्यंत ए.सी. चालत राहील आणि तोवर खालचा मजला ६९ वर गेलेला असेल. झोपायला वर सगळे आणि खाली कोणी नाही, तर हरकत नाही. दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी माणसं असतील तर सेन्सरने प्रश्न सुटत नाही. तिथे डक्टमधले डँपर (उघडमीट करणाऱ्या झडपा), म्हणजे झोनिंग, किंवा वरच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

आता आपल्या घरांतला खास मुद्दा. भारतातून आई-बाबा येतात, बहुधा सहा महिन्यांसाठी. स्मार्ट थर्मोस्टॅट घरात कोणी आहे का हे दोन गोष्टींवरून ताडतो: मालकांचे फोन घरात आहेत का, आणि थर्मोस्टॅटसमोरून कोणी गेलं का. सगळे कामावर आणि शाळेत गेले, बाबा मागच्या खोलीत पेपर वाचत बसले, आई दुपारी पडली. पॅसेजमध्ये हालचाल नाही, फोन सगळे बाहेर. थर्मोस्टॅटने ठरवलं, घर रिकामं. हीटिंग उतरलं. संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा दोघं शाल पांघरून बसलेले, आणि ‘तुमच्याकडे असंच असेल’ म्हणून कोणी तक्रारही केलेली नाही.

यावर उपाय आहेत. ते येण्याआधी गूगल होममध्ये ‘होम’ आणि ‘अवे’ची आपोआप चालणारी रूटीन बंद करा. इकोबीमध्ये ‘स्मार्ट होम अँड अवे’ बंद करा, किंवा त्यांच्या खोलीत एक सेन्सर ठेवून तो दिवसाच्या वेळापत्रकात धरा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. घरी दिवसभर वडीलधारी माणसं असणार असतील तर केवळ या एका कारणासाठी मी इकोबी किंवा टी-९ला झुकतं माप देईन.

पडदा सेल्सिअसवर आणा. ६८ म्हणजे २०, ७२ म्हणजे साधारण २२, ७८ म्हणजे साडेपंचवीस. निदान त्या सहा महिन्यांपुरतं तुम्हीच सेल्सिअस वापरा. आणि ‘होल्ड’चं सेटिंग बघा. आईने थंडी वाजली म्हणून बटण दाबलं तर तो बदल किती वेळ टिकायचा? ‘पुढच्या टप्प्यापर्यंत’ ठेवा. ‘मी बदलेपर्यंत’ असेल तर तो आकडा महिनाभर तसाच राहतो आणि वेळापत्रक नुसतं नावाला उरतं. पिन लावून थर्मोस्टॅटला कुलूप घालायची सोय जवळजवळ सगळ्यांत आहे. आई-बाबांसाठी ती वापरणं काही बरं दिसत नाही, लहान मुलांसाठी ठीक.

सेलवर चालणारा, ठळक आकड्यांचा आणि वर-खाली अशी दोन साधी बटणं असलेला सेन्सी अशा घरात नेस्टच्या दिमाखदार चकतीपेक्षा जास्त वापरला जातो, हेही पाहिलं आहे.

ह्यूस्टन, फ्लोरिडासारख्या दमट ठिकाणी राहत असाल तर इकोबीतली ‘ए.सी. ओव्हरकूल’ची सोय बघा. हवा दमट असेल तर ती ठरवलेल्या तापमानापेक्षा अंश-दोन अंश खाली जाऊन ओल काढते. आणि पंखा ‘ऑन’वर नाही, ‘ऑटो’वर ठेवा. सतत फिरणारा पंखा कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत आणून सोडतो.

## पायरी ६: खातं कोणाचं आणि किती वर्षं

नेस्ट गूगलच्या खात्याला बांधलेला, ॲमेझॉनचा ॲलेक्साच्या ॲपला. घरात आयफोन आणि ॲपल होम असेल तर इकोबी सरळ चालतो. साधा नेस्ट, चौथ्या पिढीचा लर्निंग आणि हनीवेलचा एक्स-२-एस ‘मॅटर’ या वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या समान भाषेमार्फत जोडता येतात. ज्याला बोलणाऱ्या यंत्रांचं काही घेणंदेणं नाही, त्याने या परिच्छेदावर वेळ घालवू नये.

आयुष्याचा प्रश्न जास्त मोठा आहे. नेस्टचा पहिला थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, दुसरी पिढी २०१२ मध्ये. गूगलने २०१४ मध्ये ही कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली, आणि २५ ऑक्टोबर २०२५ पासून या दोन्ही पिढ्यांचा ॲपशी संबंध तोडला. यंत्र भिंतीवर चालतं, पण फोनवरून हलत नाही. अडीचशे डॉलरच्या वस्तूला तेरा-चौदा वर्षं हा काळ अगदीच कमी म्हणता येणार नाही. तरी फर्नेस त्याहून जास्त टिकते, आणि थर्मोस्टॅट आता फोनसारखा बदलावा लागणार हे गृहीत धरून किंमत ठरवावी. म्हणून मी विकत घेण्याआधी एकच गोष्ट हमखास बघतो: इंटरनेट गेल्यावर भिंतीवरून सगळं करता येतं का? ज्यात पडद्यावर वेळापत्रकही बदलता येतं, तो अडीअडचणीला उपयोगी.

## पायरी ७: किंमत, रिबेट आणि त्यामागची अट

बाजारात आले तेव्हाच्या किमती अशा: चौथ्या पिढीचा नेस्ट लर्निंग २८० डॉलर, इकोबी प्रीमियम २५०, एन्हान्स्ड १९०, साधा नेस्ट १३०, हनीवेल एक्स-२-एस ८०, ॲमेझॉन ६०. ॲमेझॉनचा नंतर महागला. नोव्हेंबरच्या सेलमध्ये हे आकडे बरेच खाली येतात.

त्याआधी आपल्या वीज किंवा गॅस कंपनीच्या साइटवर जा. अनेक कंपन्या थेट रिबेट, म्हणजे किमतीत सूट, देतात, काहींची स्वतःची दुकानं आहेत जिथे रिबेट वजा होऊनच किंमत दिसते. मॉडेल यादीत आहे का आणि पावती किती दिवसांत पाठवायची, हे आधी वाचा.

रिबेटबरोबर बऱ्याचदा दुसरी योजनाही पुढे केली जाते. उन्हाळ्यात विजेची मागणी शिगेला पोचते तेव्हा कंपनी तुमचा थर्मोस्टॅट काही अंश वर करणार, बदल्यात दर वर्षी काही रक्कम. बहुतेक वेळा आपण तो बदल हाताने रद्द करू शकतो. पण नेहमीच नाही. कोलोरॅडोत ऑगस्ट २०२२ मध्ये एक्सेल एनर्जीच्या अशा योजनेतल्या सुमारे २२ हजार ग्राहकांना भर उन्हाळ्यात काही तास थर्मोस्टॅट हलवता आला नाही. त्यांनी सुरुवातीला १०० डॉलर आणि पुढे दर वर्षी २५ घेऊन स्वतःच नाव नोंदवलं होतं. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर ही अट नीट वाचल्याशिवाय ‘होय’ दाबू नका.

## मग कुठला?

गॅस फर्नेस, सी वायर आहे, एकच मजला किंवा लहान घर: ॲमेझॉन किंवा एक्स-२-एस. जास्त खर्च करायचं कारण नाही.

चार वायरी, सी नाही: इकोबी एन्हान्स्ड. सेन्सर हवाच असेल तर नंतर वेगळा घेता येतो.

हीट पंप, दोन मजले, दिवसा घरात माणसं: इकोबी प्रीमियम, किंवा एन्हान्स्ड आणि जादा सेन्सर. प्रीमियममधला स्पीकर आणि हवेची प्रत मोजणारा सेन्सर यांसाठी वरचे ६० डॉलर द्यावेत असं मला वाटत नाही. पण त्याच पाकिटात खोलीचा सेन्सर येतो हे धरलं तर फरक तसा थोडाच उरतो.

वेळापत्रक बसवायचा कंटाळा, सी वायर आहे, घर गूगलमय आहे: नेस्ट लर्निंग. स्वतःहून सवयी शिकण्यात तो आजही पुढे आहे, आणि भिंतीवर दिसतोही देखणा.

भाड्याचं घर: घरमालकाची लेखी परवानगी, सेन्सी, आणि जुना थर्मोस्टॅट खोक्यात जपून. जाताना तो परत लावायचा आहे.

## बसवताना आणि पहिल्या आठवड्यात

ब्रेकर बंद असल्याची खात्री करा. आर आणि सी चुकून एकमेकांना लागल्या की फर्नेसच्या बोर्डावरचा गाडीत असतो तसला ३ किंवा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज उडतो, आणि नवा थर्मोस्टॅट ‘मेला’ असं वाटतं. हार्डवेअरच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो.

वायरी आत ढकलण्याआधी प्रत्येकीला पाकिटातलं अक्षराचं स्टिकर लावा. भिंतीचं भोक पुट्टीने किंवा फोमच्या तुकड्याने बुजवा. पोकळ भिंतीतली गार हवा त्या भोकातून थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि तो दोन-तीन अंश चुकीचं तापमान दाखवतो. हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुठेतरी कोपऱ्यात असतं आणि कोणी वाचत नाही. थर्मोस्टॅट स्वयंपाकघराला लागून असेल तर तळणाच्या दिवशी त्याला घर तापलं असं वाटेल आणि बाकीच्या खोल्या गार राहतील. तेवढ्या वेळापुरता दुसऱ्या खोलीतला सेन्सर निवडा.

मग हीटिंग चालवून बघा, पंखा बघा, शेवटी कूलिंग. बाहेर थंडी असेल, साधारण ६० फॅरनहाइटच्या खाली, तर ए.सी.ची चाचणी उन्हाळ्यावर सोडा, कॉम्प्रेसरला ते मानवत नाही. कूलिंग मागितल्यावर पाच मिनिटं काहीच झालं नाही तर घाबरू नका. कॉम्प्रेसर लागोपाठ चालू-बंद होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम थांबतो.

पहिला आठवडा नेस्टला शिकवण्याचा असतो. त्या काळात पाहुणे, पार्टी असं काही असेल तर शिकणं पुढे ढकला, नाहीतर तो शनिवारच्या गर्दीलाच तुमची सवय समजतो. इकोबीत वेळापत्रक स्वतः भरा: जागं असताना हिवाळ्यात ६८ ते ७०, झोपताना थोडं खाली. महिन्याने ॲपमधला अहवाल उघडा आणि यंत्र रोज किती तास चाललं ते बघा. हीट पंपवाल्यांनी त्यात ऑक्सचे तास वेगळे बघावेत. बाहेर चाळीस अंश फॅरनहाइट असतानाही ऑक्स चालत असेल तर वर सांगितलेली मर्यादा खाली आणा.

घर विकताना थर्मोस्टॅट सहसा घराबरोबरच जातो. करार होण्याआधी काढून जुना लावला तर गोष्ट वेगळी. ठेवून जाणार असाल तर तो तुमच्या खात्यातून काढा आणि फॅक्टरी रिसेट करा. नाहीतर नव्या मालकाच्या घरातलं तापमान तुमच्या फोनवर दिसत राहतं.

आणि भिंतीवरून उतरलेला जुना थर्मोस्टॅट हनीवेलचा गोल, सोनेरी चकतीवाला असेल, हेन्री ड्रायफस यांनी घडवलेला आणि १९५३ मध्ये बाजारात आलेला तो प्रसिद्ध नमुना, तर त्याच्या आत काचेच्या नळीत पारा असण्याची दाट शक्यता आहे. तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. नळी न फुटू देता प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर किंवा जुने थर्मोस्टॅट परत घेणाऱ्या दुकानात नेऊन द्या.